साठीच्या आत

माझ्या कपाळावरची चिकटपट्टी सिस्टरनं ओढून काढली आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कपाळावर चिकटवली. तीच पट्टी. नवी कापायचीसुद्धा तसदी नाही. ज्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा त्या डोळ्याच्या वर पट्टी, असा त्या सरकारी दवाखान्याचा रिवाज. सकाळी ती लागली तेव्हा मी मनातल्या मनात अर्धा बरा झालो होतो. आता भुवईचे चार केस तेवढे तिच्याबरोबर गेले. "आजोबा, तुमचं वय सहासष्ट. साठीच्या पुढच्यांना यंदा नाही. पुढच्या वर्षी या," सिस्टर म्हणाली. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. वर्गात हजेरी घेताना पुढचं नाव पुकारावं तितकंच त्यात होतं. मी विचारलं, का बुवा? तर वरून तोंडी हुकूम आहे म्हणे. दुष्काळाचं साल, ऑपरेशनचं टेबल एक, तेही आठवड्यातले बहुतेक दिवस कुटुंबनियोजनाला दिलेलं. राहिला शुक्रवार. त्या दिवशी जेवढे डोळे होतील तेवढे कमावत्या माणसांचे. खडी फोडायला जाणाऱ्याला आधी दिसलं पाहिजे. घरी बसणाऱ्याचं काय, तो बसलेलाच आहे. हे शेवटचं ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

मी आवारात येऊन लिंबाखालच्या बाकावर टेकलो. खरं सांगायचं तर हिशेब मला पटला होता, आणि पटला म्हणूनच डोकं फिरलं होतं. तिसगावच्या शाळेत एकच नकाशा होता, तो मी सातवीलाच द्यायचो, कारण परीक्षा त्यांची. चौथीची पोरं खिडकीतून बघायची. ती कधी रडली नाहीत, कारण त्यांना माहीत होतं की आपण कधीतरी सातवीत जाणार. पण सहासष्टाचा माणूस पुन्हा साठीच्या आत कसा जाणार? बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी पुटपुटत होती. तिलाही परत पाठवलेलं. पाथर्डीकडची, झुंबरबाई नाव, सुनेनं पहाटेच्या यष्टीत बसवून दिलेली. "मास्तर दिसता तुमी," ती म्हणाली. तिला दिसत काहीच नव्हतं, माझ्या बोलण्यावरून तिनं ओळखलं. "मला सांगा, साठीच्या पल्याड मानूस आंधळं झालं तर सरकारला चालतं व्हय? आंधळ्याला भूक कमी लागती का काय?" मी म्हणालो, बाई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्यावर ती म्हणाली, "प्रश्न बरुबर आसून काय करायचं," आणि पदराची गाठ सोडून तंबाखू काढली. मला तिचा फार आधार वाटला.

मी चिडका माणूस आहे, पण खचणारा नाही. गिदोन भिंगारदिवे मास्तर म्हटलं की अजूनही नगरात चार माणसं सायकलवरून उतरतात. उजवा डोळा मी सहा वर्षांचा असताना देवीत गेला. उरलेल्या डाव्यावर मी शिकलो, शिकवलं, लग्न केलं आणि बायकोही चांगली देखणी निवडली, तेव्हा एका डोळ्यानं अडतं असं मला कुणी सांगू नये. पण तो एक तरी पाहिजे. गेल्या दोन वर्षांत त्या डाव्यापुढं आधी धुकं आलं, मग दूध आलं. माझ्यासाठी म्हणाल तर चाललं असतं. वर्तमानपत्र शेजारचा आप्पासाहेब मोठ्यानं वाचतो, सगळ्या पेठेला ऐकू जातं. अडलं होतं ते दीनाच्या सुईवर. माझ्या बायकोला साखरेचा आजार, रोज सकाळी इन्शुलिन. काचेची पिचकारी उकळायची, बाटलीतून औषध ओढायचं, बारीक काळ्या रेघेपर्यंत, रेघेच्या पुढं नाही नि मागं नाही. तिचे हात संधिवातानं वाकडे झालेले, म्हणून हे काम पहिल्यापासून माझं. गेल्या महिन्यात मला ती रेघ दिसली असं वाटलं आणि ती दुसरीच रेघ होती. दीना चुलीपुढं बसल्या बसल्या घामानं निथळली, जीभ जड झाली, माझ्याकडं बघून मला ओळखेना. मी तिच्या दाताखाली गूळ सरकवत होतो आणि देवाशी भांडत होतो. ती सावरली. सावरल्यावर पहिलं काय बोलली, तर म्हणाली, "गूळ किती कोंबला हो, घशात अडकला असता." तेव्हापासून रोज सकाळी पिचकारी हातात धरण्याआधी मी गुळाचा खडा जवळ काढून ठेवतो.

दीनाची बहीण मरिया राहात्याला नर्स आहे. ती येऊन सगळं बघून गेली आणि जाताना स्वच्छ बोलली. "भावजी, ताईला मी नेते. माझ्याकडं एकच खोली आहे, दोघांचं जमणार नाही. तुमची सोय मी इथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात लावते." मरिया वाईट नाही, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. मी तिला सांगितलं, शुक्रवारपर्यंत थांब, माझा डोळा होऊ दे, मग बघू. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. भांडलो नाही असा आठवडा नाही, पण एका छपराखाली भांडलो. राहात्याहून नगरपर्यंत भांडण कसं पोचायचं? तेव्हा त्या बाकावर बसून मी पट्टीचा विचार करत नव्हतो. घरी जाऊन दीनाला काय सांगायचं याचा विचार करत होतो, आणि मला एकही वाक्य सुचत नव्हतं. मला वाक्य सुचत नाही असं फार क्वचित होतं.

अशा वेळी खांद्यावर हात पडला. "मास्तर, तुमी हितं कसं?" आवाज ओळखीचा. रंगनाथ, तिसगावचा माझा विद्यार्थी, आता आरोग्य खात्यात गावोगाव हिंडून नसबंदीला माणसं गोळा करण्याच्या कामावर. मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या कानाशी आला. "एक वाट हाय. डोळ्याच्या डॉक्टरांच्या हातात शुक्रवारच्या दोन जागा मोकळ्या असत्यात. जो नसबंदीची केस आनून देईल त्याच्या मानसासाठी. वयाचं कुनी बघत न्हाई मग. तुमी एक केस आना, तुमचा डोळा झाला म्हनून समजा. माझंबी काम हुईल. टारगेट न्हाई भरलं तर पगार रोखून धरत्यात." मी विचारलं, केस कुठून आणू? बाजारात मिळते का? तो म्हणाला, कुणी पुतण्या, भाचा, शेजारी. मी सगळी आळी डोळ्यांपुढून घालवली. आप्पासाहेब विधुर. त्याचा मुलगा घाबरट. आणि तेवढ्यात मला जे सुचलं त्यानं मला हसूच फुटलं. मी म्हणालो, "रंगनाथ, केस तुझ्या शेजारी बसली आहे." तो उडालाच. "मास्तर, तुमी? या वयात?" मी म्हणालो, "का? पुरुष नाही मी? दात बघ, सगळे शाबूत. नियम काय आहे ते सांग." नियम साधा होता. बायको जिवंत पाहिजे आणि निदान तीन मुलं पाहिजेत. वयाचं म्हणाल तर माणूस पन्नाशीचा आहे असं सांगायचं, तपासणाऱ्या बाईंनाही टारगेट आहे, त्या मान वर करून बघत नाहीत. म्हणजे बघा गंमत. एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात, डाव्या हाताच्या दाराशी मी म्हातारा, उजव्या हाताच्या दाराशी तरणाबांड. मी उठून धोतर झटकलं. झुंबरबाई म्हणाली, "जावा, मास्तर, जावा. म्या बाई हाय म्हनून, न्हाईतर म्याबी आली आसती." रंगनाथला मी म्हटलं, माझा डोळा झाला तर दुसऱ्या जागेवर या बाईंचं नाव घालायला तुझी खटपट पाहिजे. तो व्हय म्हणाला. तो शब्दाचा पक्का आहे, मी शिकवलाय त्याला.

चालता चालता त्यानं मला पढवलं. "मास्तर, मुलं तीन सांगा." माझे पाय किंचित अडखळले, पण त्याला वाटलं पायरी आली. रंगनाथला काय माहीत नव्हतं? सगळ्या तिसगावाला माहीत होतं. मास्तरांच्या घरात पाळणा हलला नाही. विहिरीवर बायका दीनाला बघून घागर आवरायच्या, बारशाला तिला बोलावणं यायचं ते जेवणाच्या पंगतीचं, पाळण्याजवळचं नाही. आणि मी? मी वर्गात साठ पोरांच्या गराड्यात, मला दिवसभर कुणीतरी हाक मारत असायचं. मला ते दुःख तेवढं चावलं नाही. तिला चावलं. तिनं ते कधी माझ्यापुढं काढलं नाही, भाकरी थापताना मात्र तिचा हात मध्येच थांबायचा. तीन मुलं सांगा. मी म्हटलं, बरं. खोटं बोलायला मी भित नव्हतो. रेघ दिसली नाही म्हणून बायको मरण्यापेक्षा तीन मुलं सांगितलेली काय वाईट, देव ते समजून घेईल, नाही घेतलं तर त्याच्याशी बोलणं करू.

खोलीत टेबलामागं वरून आलेल्या कुणी मोठ्या बाई होत्या. आवाज करडा, पण दमलेला. त्यांनी रंगनाथला बाहेर काढलं. गेल्या आठवड्यात कुणीतरी ब्रह्मचारी आणून बसवला होता म्हणे, त्यावरून वर बोंब झाली, तेव्हापासून माणसाला एकट्याला विचारायचं, त्याच्या बायकोला एकटीला विचारायचं आणि दोघांचं जुळलं तरच टेबलावर घ्यायचं. हे रंगनाथनं मला सांगितलं नव्हतं. मुलं किती? तीन. नावं? मला वाटलं होतं यात काय अवघड आहे, तीस वर्षं हजेरी घेतली, हजारो नावं तोंडात आहेत, कुठलीही तीन फेकीन. तोंड उघडलं आणि मला ऐकू आलं ते असं, "थोरला शांतवन. मधली सलोमी. धाकटा बन्यामीन." ही नावं मी निवडली नव्हती. ती आली. लग्नानंतरचं पहिलं की दुसरं वर्ष, तिसगावची दोन खोल्यांची मास्तरांची जागा, अंगणात बाज, आणि दीना शेंगा फोडत बसलेली. तिनंच तो खेळ काढला होता. पहिला मुलगा, त्याचं शांतवन. मग मुलगी, सलोमी, माझ्या आईचं नाव. मी म्हणालो शेवटचा बन्यामीन, कारण शेवटचा नेहमी लाडका असतो. ती म्हणाली तुम्ही शेवटचे म्हणून असं म्हणता. शेंगांची टरफलं तिच्या लुगड्यावर पडलेली होती आणि ती हसत होती. दोन-चार वर्षं तो खेळ चालला. मग कधीतरी बंद पडला. कुठल्या दिवशी ते सांगता येत नाही, एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस नावं निघाली नाहीत. त्यानंतर ती कुणीच उच्चारली नाहीत, तिनं नाही आणि मीही नाही.

बाईंनी विचारलं, थोरला काय करतो? तिथं मला थांबता आलं असतं. नोकरी करतो म्हणून मोकळं व्हायचं. पण मी म्हणालो, तो श्रीगोंद्याच्या बाजूला साखर कारखान्यात आहे, चांगलं पोटापुरतं मिळवतो, स्वभावानं शांत, पण एकदा अडून बसला की ऐकत नाही. सलोमीला दोन मुली आहेत, थोरली आजीवर गेली. बन्यामीनला गाण्याचं वेड, अभ्यासात लक्ष नाही, मी फार मारला लहानपणी, आता वाईट वाटतं. मी बोलत होतो आणि मला सुख होत होतं, काय सांगू, उन्हातून आल्यावर माठाचं पाणी घशाखाली उतरावं तसं. बन्यामीनला मारल्याचं मला खरोखरच वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, "पुरे, आजोबा." मग त्यांनाच आजोबा म्हटल्याचं लक्षात आलं असावं, कारण त्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मिसेसना घेऊन यायला सांगा. तोवर तुम्ही बाहेर बसा. त्यांच्याशी बोलायचं नाही." रंगनाथ टांगा घेऊन निघाला, तेव्हा बाई स्वतः दारात उभ्या होत्या. मला त्याच्या कानात एक शब्द घालता आला नाही.

मग मी व्हरांड्यात बसलो. माझी सगळी मिजास तिथं उतरली. मी काय करून बसलो ते मला दिसायला लागलं, आणि ते बघायला डोळा लागत नव्हता. वाटेत रंगनाथ तिला सांगणार, बाई, तीन मुलं सांगा. तीन मुलं सांगा, हे त्या बाईला सांगणार, जिला पाळण्याजवळ कुणी उभं केलं नाही. आणि नावं? ती कुठली नावं घेईल? मरियाच्या मुलांची? शेजारच्या पोरांची? घ्यायचीच झाली तर त्या पोरांचीच घेईल, कारण ती रोज तोंडात असलेली. जुळलं नाही तर मी खोटा, रंगनाथ खोटा, त्याची नोकरी जाईल, शुक्रवार जाईल, झुंबरबाईची आशाही जाईल आणि सोमवारी मरिया राहात्याहून येईल. मला आठवत होतं, पण मला आठवतंय म्हणून तिला का आठवावं? माणसं दुःख टिकवतात, पण ते नावानिशी टिकवत नाहीत. मला वाटलं तिनं ती नावं मुद्दाम पुसून टाकली असणार, मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. व्हरांड्यातून माणसं जात-येत होती, औषधांचा वास होता, कुठंतरी नळाखाली बादली भरत होती, आणि मी हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. प्रार्थना मला येत नव्हती. मी नुसता म्हणत होतो, दीना, शेंगा आठव.

टांगा आला. तिची चाल मी चपलेच्या आवाजावरून ओळखतो, डावा पाय घासते. ती माझ्यासमोरून गेली, थांबली नाही, बोलायचं नाही असं तिला सांगितलेलं. फक्त जाताना तिच्या पदराची कड माझ्या गुडघ्याला लागली, की तिनं लावली, कळलं नाही. दार लोटलं, पण पुरतं लागलं नाही. बाई म्हणाल्या, बसा. मुलं किती?

"तीन," दीना म्हणाली. तिचा आवाज साधा होता, पाव्हण्यांना चहा विचारताना असतो तसा.

"नावं सांगा."

 मी दाराच्या फटीकडं सरकलो. मग ती म्हणाली, "शांतवन थोरला. मग सलोमी. आणि बन्यामीन, तो शेवटचा." थोडं थांबून म्हणाली, "ह्यांचा लाडका."

माझ्या डोळ्यांतून, चांगल्या आणि गेलेल्या दोन्ही, पाणी वाहायला लागलं. मी ते पुसलं नाही. पण बाईंचं संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, थोरला काय करतो? आणि साखर कारखाना तर मी आत्ता, अर्ध्या तासापूर्वी उभारला होता.

"मास्तर आहे," दीना म्हणाली. "बापासारखा."

"तुमचे यजमान म्हणाले साखर कारखान्यात आहे."

 मग दीना म्हणाली, आणि आवाजात तो सगळा ताठा होता जो मी त्रेचाळीस वर्षं ऐकत आलो, "त्यांना काय विचारता, बाई? पोरांचं काय चाललंय ते बापाला कधी माहीत असतं? पहिली नोकरी कारखान्यात होती, ती सोडून किती वर्षं झाली. ह्यांना दुसऱ्यांची मुलं पाठ, घरच्यांचा पत्ता नाही."

बाई हसल्या. खरंच हसल्या, मोठ्यानं, बहुतेक त्यांच्याही घरी एक असाच असावा. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि त्या सगळ्यांना विचारत असतील तोच शेवटचा प्रश्न विचारला, "मिस्टरांचं ऑपरेशन झालं की मग मूल होणार नाही. तुमची संमती पाहिजे. आणखी मूल हवंय का तुम्हांला?"

मी उठून उभा राहिलो. मला वाटलं आत जावं आणि सांगावं, राहू द्या, नको ते ऑपरेशन, नको तो डोळा, हा प्रश्न तिला विचारू नका. दाराला हात लावला तेवढ्यात दीना बोलली.

"हवं होतं," ती म्हणाली. "फार हवं होतं. आता ह्यांचा डोळा हवाय. तेवढं बघा."

 नंतर खुर्ची सरकली आणि त्यांनी रंगनाथला हाक मारून, भिंगारदिवे मास्तरांना शुक्रवारी डोळ्याच्या टेबलावर पहिलं घ्या, असं सांगितलं.